किरणांखालून गेलेलं मटण

जावळाची शेवटची पंगत उठायच्या आतच पहिल्या पंगतीतली माणसं ओकायला लागली. नांदवड्याच्या शिंत्र्यांकडचं जावळ, थोरल्या नातवाचं. निम्मं गाव जेवायला लोटलेलं. मांडवात एकच गोंधळ उडाला. कुणी लिंबू-पाणी आणा म्हणतंय, कुणी नजर लागली म्हणतंय, आणि ज्याचं डोकं नुकतंच तुळतुळीत केलं ते बाळ मामाच्या मांडीवर बसून सगळ्यांकडे टकामका बघतंय. संध्याकाळपर्यंत सरकारी दवाखान्यात खाट मिळेना. बहुतेक जण सलाइन घेऊन दुसऱ्या दिवशी घरी परतले. बाळाचे आजोबा दत्ताजीराव शिंत्रे तेवढे परतले नाहीत. आधीच हृदयाचं दुखणं, त्यात अंगातलं पाणी गेलं, आणि म्हातारा हकनाक गेला.

स्वयंपाक रणजित प्रभावळेच्या हातचा होता. मटण 'निर्धोक' केंद्रातून किरणांखालून आलेलं होतं. आणि त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खेपेला 'योग्य' म्हणून सोडणारी तपासणी-प्रमुख रोहिणी, ही रणजितची बायको. गावाला बोलायला एवढं पुरेसं होतं.

पोलीस रणजितला घेऊन गेले ते मांडवातूनच. जामीन मिळून तो घरी आला तेव्हा अंगावर तोच तेलकट शर्ट होता. रोहिणीनं पाणी तापवून दिलं, त्यानं आंघोळ केली, आणि दोघं समोरासमोर जेवायला बसली. वरणभात होता. तो एवढंच म्हणाला, की शिंत्र्यांच्या घरी जाऊन यायला हवं, पण आपल्याला आत घेतील का कुणास ठाऊक. तिनं मान हलवली. ह्या नवराबायकोचं बोलणं गेली काही वर्षं एवढंच असायचं. भांडण नाही, तंटा नाही, आणि संवादही नाही.

आता हे किरणांचं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. केंद्रात एक लांबलचक पट्टा आहे. मटणाची बंद पाकिटं क्रेटमध्ये भरून त्या पट्ट्यावर ठेवतात. जाड काँक्रीटच्या भिंतींच्या खोलीतून पट्टा जातो, आणि तिथं वरून प्रचंड वेगानं इलेक्ट्रॉनांचा झोत पडतो. तो पाकीट फोडत नाही, मटण शिजवत नाही. मटणावरच्या जंतूंच्या पोटात त्यांची पिढी पुढं चालवणारा जो बारीक धागा असतो, त्याचे तो तुकडे करतो. धागा तुटला की जंतूची वाढ थांबते आणि तो मरतो. मटणात काही किरण उरत नाहीत. भिंतीवर बॅटरीचा उजेड टाकला म्हणून बॅटरी विझवल्यावर भिंत चमकत बसत नाही, तसंच हे. तरीही सुरुवातीला लोकांनी काय काय उठवलं म्हणून सांगू! मटणात अणुबॉम्ब घालतात, खाल्लं की केस जातात, पोरं होत नाहीत. एका पुढाऱ्यानं तर सभेत पाकीट कानाला लावून 'आतून आवाज येतोय' म्हणून सांगितलं, आणि लोकांनी ते ऐकूनही घेतलं.

विरोध करणारे दुसरे म्हणजे खाटीक. त्यांचं म्हणणं साधं होतं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत बकरं सोलायचं, मांडी की चाप ते गिऱ्हाइकानं बोट दाखवून सांगायचं, हाच धंद्याचा विश्वास. बंद पाकिटात कशाचा विश्वास? आणि तिसरे विरोधक होते थोडे शास्त्रज्ञ. ते म्हणत होते, किरण चांगलेच आहेत, पण एकदा किरण आले की कत्तलखाने धुवायचा कंटाळा सुरू होईल. ही तिसरी मंडळी संख्येनं कमी आणि स्वभावानं सभ्य, त्यामुळे त्यांचं कुणीच ऐकलं नाही.

रोहिणीनंही नाही. ती तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, आणि रणजित आज्यापासून चालत आलेलं मटणाचं दुकान चालवायचा. त्यांना एकच मुलगी होती, ओजस्वी, सगळ्यांची ओजू. चार वर्षांची. खिम्याचे गोळे म्हणजे तिचा जीव की प्राण. एका रविवारी खिमा दुकानातून आला, गोळे रोहिणीनं तळले. बाहेरून खरपूस झाले, आतून एखाद-दुसरा गुलाबी राहिला असेल. अख्ख्या तुकड्यावर जंतू असले तर ते वरच्यावर असतात, चटका बसला की मरतात. खिमा करताना मात्र वरचं सगळं आत मिसळतं. ओजूला आधी रक्ताची हगवण लागली, मग लघवी थांबली. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात तिच्या मूत्रपिंडांसाठी मशिनं लावली. उपयोग झाला नाही.

रणजित सगळ्यांना सांगत राहिला की बालवाडीचं पाणी खराब होतं. रोहिणीला खरं माहीत होतं; दवाखान्याचा अहवाल तिनंच वाचला होता. पण खिमा कुणाच्या दुकानातला हे ती बोलली नाही, आणि गोळे कुणी तळले हे तो बोलला नाही. एकमेकांवर दोघांनी केलेला हा उपकारच म्हणायचा. त्या उपकाराखाली दोघंही पुरती दबून गेली.

मग रोहिणी उठली आणि सभांना जायला लागली. ओजूचा फोटो हातात धरून ती सांगायची, उघड्यावरच्या मटणानं माझी मुलगी गेली, तुमची जाऊ देऊ नका. 'उघड्यावरच्या' म्हणायची, 'आमच्या' म्हणायची नाही. तिचं बोलणं लोकांच्या काळजाला भिडायचं. वर्षभरात कायदा झाला: किरणांखालून गेल्याशिवाय मटण विकायचं नाही. त्याचं सरकारी नाव भलतंच लांब आहे. लोक त्याला 'ओजूचा कायदा'च म्हणतात. रोहिणी कॉलेज सोडून केंद्रात तपासणी-प्रमुख झाली. रणजितचं दुकान बंद झालं. पाकिटं विकायला काय, किराणावालाही विकतो, म्हणून त्यानं सुऱ्या पुसून ठेवल्या आणि लग्न-जावळांचे स्वयंपाक घ्यायला लागला. बायकोला चकार शब्द बोलला नाही. त्यानं निदान आदळआपट तरी करायला हवी होती, असं रोहिणीला कितीदा वाटायचं.

आणि कायदा खोटा नव्हता हो. जिल्ह्यातल्या दवाखान्यांत तसली पोरं यायची थांबली. मुलांचे डॉक्टर रोहिणीला रस्त्यात थांबवून सांगायचे, यंदा एकही केस नाही. ती घरी येऊन ओजूच्या फोटोसमोर उभी राहायची. रडू यायचं, पण त्यात थोडं समाधानही असायचं. त्या समाधानावरच ती जगत होती, हे तिला स्वतःलाही कळत होतं.

शिंत्र्यांच्या जावळाचा अहवाल आला. केंद्रातल्या पाकिटात एकही जिवंत जंतू नाही. उरलेल्या रश्श्यात नाही. रणजितच्या नाकात आणि बोटाच्या चिरेत मात्र प्रयोगशाळेच्या ताटलीत पिवळट ठिपके उमटवणारा तो ओळखीचा जंतू सापडला, ज्याच्या विषानं माणसं अशीच तासा-दोन तासांत ओकायला लागतात. निष्कर्ष: दोष स्वयंपाक्याच्या हाताळणीचा. बातमी कोल्हापूरच्या पेपरात आली, रणजितच्या फोटोसकट.

रोहिणीनं तो अहवाल वाचला. ज्यांनी अहवाल लिहिला त्यांना जे सुचलं नव्हतं ते तिला वाचता वाचताच सुचलं. तो जंतू तर धडधाकट माणसांपैकी कितीकांच्या नाकात असतो. तपासलं असतं तर फौजदाराच्याही नाकात सापडला असता. आणि पाकिटात जंतू नाही याचा अर्थ काय? किरणांखालून गेलेल्या पाकिटात जिवंत जंतू कधीच सापडणार नाही. जंतू किरणांनी मरतो. पण मरण्याआधी त्यानं मटणात जे विष सोडलेलं असतं ते किरणांना दाद देत नाही, आणि तासभर रटरटलं तरी पुरतं जात नाही. चोराला गोळी घातली म्हणून त्यानं विहिरीत टाकलेलं विष नाहीसं होत नाही. इथं तर चोराचं प्रेतही किरणांनी ओळखू येईना असं केलं होतं. मग उरतो कोण? ज्याच्या हातानं पंगतीला वाढलं तो.

जंतूला एवढं विष करायला वेळ मिळाला कुठं, याचा विचार करायला तिला लांब जावं लागलं नाही. खाटकाच्या घरात मटण आणलं की पहिलं काम म्हणजे हळद-मीठ चोळून ठेवायचं. तसंच्या तसं कुणी ठेवत नाही. केंद्राचं मटण लोकांना मिळमिळीत लागायला लागलं तेव्हा केंद्राच्या व्यवस्थापकसाहेबांनी रोहिणीला विचारलं, घरच्यासारखं कसं करता येईल. ती प्रभावळ्यांची सून. तिनं पाकीट भरणाऱ्या बायकांना हळद-मीठ किती आणि कसं चोळायचं ते स्वतः उभं राहून शिकवलं. खप वाढला. पाकिटावर 'घरच्यासारखं' असं छापूनही आलं.

पण घरी हळद-मीठ लावलेलं मटण लगेच चुलीवर चढतं. केंद्रात जावळांचा हंगाम सुरू झाला की शीतखोली भरून जायची आणि हळद-मीठ लावलेले क्रेट व्हरांड्यात पंख्याखाली थांबून राहायचे, पट्ट्याची पाळी येईपर्यंत. मे महिन्याचा उकाडा. मिठानं बाकीचे जंतू दबतात. मटण आंबत नाही, वास मारत नाही. हा एक जंतू मात्र मिठाला भीक घालत नाही. बाकीचे बाजूला झाले की ह्याला रान मोकळं. हळद आहे की, असं सगळ्यांना वाटायचं. हळदीवर आपला केवढा भरवसा! व्हरांड्यातल्या क्रेटवरून कुणी बोट दाखवलं की केंद्रात एकच उत्तर असायचं: किरणांखालून जाणारच आहे. शिपाई म्हणायचा, सुपरवायझर म्हणायचा. एकदा घाईत असताना रोहिणीही म्हणाली होती.

प्रत्येक खेपेतलं एक पाकीट केंद्रात राखून ठेवायचा नियम होता. शिंत्र्यांच्या खेपेतलं होतं. विष शोधणारी पट्टी केंद्रात नव्हती, कारण जंतूच नाहीत म्हटल्यावर विष शोधायचं कशाला? पशुवैद्यकीय कॉलेजातल्या मैत्रिणीकडून तिनं ती मागवली. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर प्रयोगशाळेचं दार लावून तिनं पाकीट फोडलं. मटण दिसायला ताजं, लालबुंद, हळदीनं पिवळसर झालेलं, वासही छान. पट्टीवर एक रेघ आली तर निर्दोष, दोन आल्या तर विष. दोन आल्या. तिनं दुसरी पट्टी वापरली. पुन्हा दोन. तिनं दोन्ही पट्ट्यांवर खेपेचा नंबर आणि तारीख लिहिली.

केंद्राचे व्यवस्थापक सरनोबतसाहेब म्हणजे कुणी राक्षस नव्हते. तसे असते तर काम सोपं होतं. त्यांनी दोन्ही पट्ट्या हातात घेऊन बराच वेळ पाहिल्या, कपाळावरचा घाम पुसला, आणि उद्यापासून हळद-मीठ बंद, व्हरांडा बंद, नवी शीतखोली उभी करतो असं सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते, हे तिला दिसत होतं. मग त्यांनी पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि हळू आवाजात विचारलं, हे बाहेर कशासाठी न्यायचं?

कायद्याची मुदत ह्याच वर्षी संपत होती, आणि तो पुढं चालू ठेवायचा की नाही यावर जिल्ह्याजिल्ह्यात सुनावण्या होणार होत्या. नांदवड्याची सुनावणी पंचायत समितीच्या सभागृहात पुढच्या आठवड्यात होती. त्यातच शिंत्र्यांचं प्रकरणही घेणार होते. "मॅडम, उद्या पेपरात येईल की किरणांच्या मटणात विष," सरनोबत म्हणाले. "हळद, मीठ, व्हरांडा हे कुणी वाचणार नाही. विष एवढंच वाचतील. कायदा जाईल. मग पुन्हा उघड्यावरचं मटण, आणि पुन्हा ती पोरं दवाखान्यात. त्यांतलं पहिलं पोर दगावेल तेव्हा तुम्ही मला काय सांगाल?"

तीच तर सभांतून हे सांगत फिरली होती. तिचेच शब्द साहेबांनी तिच्यापुढं वाढले होते. रणजितला फार तर दंड होईल, वर्षभराची शिक्षा झाली तरी वकील चांगला देऊ, असंही ते म्हणाले. आणि मग थोडे घुटमळत म्हणाले की रणजितरावांनी स्वतः तर काहीच तक्रार केलेली नाही. ते खरं होतं. त्याचंच तिला राहून राहून आश्चर्य वाटत होतं.

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. केंद्रावर गेली की व्हरांडा फिनेलनं धुतलेला, क्रेट आत गेलेले, सगळं चकाचक. वाटायचं, झालं की, सुधारलं, आता गप्प बसावं. बाजारात गेली की भाजीवाली बाई रणजितचं नाव काढून चुकचुकायची. वाटायचं, आत्ताच्या आत्ता चौकात उभं राहून ओरडावं. दोन दिवस तर तिनं असंही ठरवून पाहिलं की राखलेलं पाकीट जाळून टाकायचं. ते हातात घेऊन भट्टीपर्यंत गेली आणि परत आली. बोललं तर ओजूचा कायदा मरतो, न बोललं तर ओजूचा बाप गुन्हेगार ठरतो. कुठूनही विचार सुरू केला तरी ती ह्या दोन भिंतींवर येऊन आदळायची. जेवण जाईना.

एकदा ती शिंत्र्यांच्या घरी गेली. रणजितला सांगून नाही. दत्ताजीरावांच्या सुनेनं, बाळाच्या आईनं, तिला आत घेतलं, पाणी दिलं. ती रागानं बोलली नाही. ती म्हणाली की सासरे गेले ते गेलेच, पण आता घरात कुणी बाळाला मांडीवर घेऊन हसत नाही. ह्याच्या जावळात आजा गेला, असं येणारं-जाणारं प्रत्येक माणूस त्या पोरासमोर बोलतं. आणि तिनं एक गोष्ट विचारली. तुमच्या मालकांनी हात धुतले नव्हते का हो, असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं. रोहिणीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. धुतले होते, एवढं बोलून ती उठली.

त्याच संध्याकाळी ती घरी आली तर रणजित मागच्या दारात लसूण सोलत बसला होता. आता त्याला कुणी स्वयंपाकाला बोलावत नव्हतं. घरच्या दोघांपुरताच लसूण, तोही तो सवयीनं किलोभर सोलायचा. ती त्याच्यासमोर पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. व्हरांडा, मीठ, पट्टीवरच्या दोन रेघा, सरनोबत. सांगताना तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. सांगून झालं तरी तो लसूणच सोलत होता.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "म्हणजे रेघाबिघा नाही. पण माझे हात मला ठाऊक आहेत. पाकीट फोडलं तेव्हाच मटण जरा बुळबुळीत लागलं होतं हाताला. वास चांगला होता, शिक्का तुझा होता. म्हटलं, तू सोडलंय म्हणजे बरोबरच असणार."

हे ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोलिसांना का सांगितलं नाही, असं तिनं विचारलं. त्यानं लसणाची पाकळी ताटात टाकली आणि सांगितलं की त्याला सांगायचंच नाही. सुनावणीत तो कबूल करणार आहे, हात नीट धुतले नव्हते म्हणून. वकिलालाही तसं सांगून झालंय.

"पण का?"

"कायदा राहील." त्यानं पुढची पाकळी सोलायला घेतली. "तो गेला तर पोर कशासाठी गेली म्हणायची? मी दुकान बंद केलं, एक शब्द बोललो नाही. का? दुसऱ्यांची लेकरं वाचतायत, आपली त्यासाठी गेली, असं म्हणून मी दिवस काढतोय. तेवढं राहू दे, रोहिणी. मला आत जाऊ दे. मी राहीन."

अरे देवा, तिच्या मनात आलं, हाही त्याच खोलीत कोंडला गेलाय, आणि मला वाटत होतं मी एकटीच आहे. इतकी वर्षं एका घरात राहून दोघांनी एकाच फोटोसमोर एकच हिशेब मांडला होता, आणि एकमेकांना सांगितला नव्हता. तिला त्याची इतकी माया आली की त्याचे लसणाचे हात धरून ठेवावेत असं वाटलं. तिनं ते धरलेही. आणि मग जे ती स्वतःशीही कधी बोलली नव्हती ते बोलली.

"ओजू कशासाठीही गेली नाही हो," ती म्हणाली. "ती नुसती गेली. आपण तिला कामाला लावलंय."

रणजितनं हात सोडवून घेतले. उठला, आत गेला, आणि ती रात्र दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत काढली.

सुनावणीच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. एका बाजूला जिल्ह्यातले खाटीक, पांढऱ्या टोप्या घालून, कायदा मोडायचाच ह्या तयारीनं आलेले. दुसऱ्या बाजूला सरनोबत, केंद्राची माणसं, मुलांचे डॉक्टर. मागच्या रांगेत शिंत्र्यांची सून, पदरात बाळ. रणजित एका कोपऱ्यात वकिलाशेजारी बसलेला. दाढी केली होती, लग्नातला सदरा घातला होता, जणू कुणाच्या तरी मुलीला बघायला आलाय. अन्न खात्याचे अधिकारी पुण्याहून आले होते, शांत स्वभावाचे, कमी बोलणारे. आरोपीचं म्हणणं ऐकण्याआधी केंद्राच्या तपासणी-प्रमुखांचं निवेदन, असा क्रम होता. अहवाल मान्य आहे एवढंच म्हणायचं, असं सरनोबतांनी तिला सकाळी पुन्हा सांगितलं होतं. त्यांचा आवाज विनवणीचा होता.

रोहिणी उभी राहिली. माइकची उंची तिच्यासाठी कमी केली. नाव सांगा, हुद्दा सांगा, असं झालं. तिनं दोन्ही सांगितलं, आणि पुढं म्हणाली:

"अहवाल चुकीचा आहे. रणजित प्रभावळे यांनी पाकीट फोडायच्या आधीच मटणात विष होतं. किरणांनी जंतू मेले, विष राहिलं. आम्ही हळद-मीठ लावून क्रेट व्हरांड्यात ठेवत होतो. हळद-मीठ लावायला मी शिकवलं, आणि ती खेप मी सोडली."

राखलेलं पाकीट आणि पट्ट्या तिनं टेबलावर ठेवल्या. मग खाटकांच्या बाजूनं जोराच्या टाळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या, 'कायदा रद्द करा' अशा घोषणा सुरू झाल्या. सरनोबतांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. डॉक्टर तिच्याकडे असे बघत होते, जणू तिनं त्यांच्या वॉर्डातलं पोर उचलून बाहेर फेकलंय. तिला त्या टाळ्या अंगावर थुंकल्यासारख्या लागल्या. ती माइक सोडून टोप्यांच्या रांगांकडे वळली.

"टाळ्या वाजवू नका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "किरण खोटे नाहीत. आमचा व्हरांडा घाण होता. तुमची दुकानंही घाण होती. अशाच एका दुकानातल्या मटणानं माझी मुलगी गेली."

"कुठल्या दुकानातल्या?" कुणीतरी ओरडून विचारलं. "नाव घ्या की! सात वर्षं आम्हा सगळ्यांना एका माळेत ओवलंय!"

तिनं कोपऱ्यातल्या रणजितकडे पाहिलं. सभागृह वाट बघत होतं. एवढं सगळं बोलून झाल्यावर हे एक नाव तिला घेता येईना.

कोपऱ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वकील सदरा ओढून खाली बसवत होता, तरी रणजित उभा राहिला होता.

"माझ्या," तो म्हणाला. "खिमा माझ्या दुकानातला होता."

टाळ्या वाजवणारे हात खाली आले. आज्याच्या काळापासून प्रभावळ्यांच्या दुकानाचं नाव मानानं घेणारी ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रोहिणीनं माइक पुन्हा तोंडापाशी ओढला.

"आणि गोळे मी तळले होते," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "आतून कच्चे राहिले होते."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एका वेळी एकानंच बोलावं, असं सांगितलं. पण दोघांपैकी कुणीच खाली बसलं नाही.